श्राद्धाच्या कपाटातली बरणी

अण्णा,

तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि अकरा दिवस मी नुसती मान डोलावतो आहे. भेटायला येणारा माणूस तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, चपला काढतो, अम्मापुढे पाच मिनिटं गप्प बसतो आणि निघताना दाराशी माझा हात धरून हळू आवाजात म्हणतो, "काय करणार, प्यायची सवय. तीच घेऊन गेली." मी मान डोलावतो. थोरल्या मामांनी म्हटलं तेव्हा डोलावली, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने म्हटलं तेव्हाही डोलावली.

नऊ वर्षं तू थेंबाला शिवला नव्हतास. डॉक्टर हृदय म्हणाले. पण "नाही हो, सोडली होती त्याने" असं म्हटलं की समोरचा लगेच विचारणार, मग तीन वर्षांपूर्वी तुमच्याच घरात, श्राद्धाच्या आदल्या दिवशी, ती बरणी? आणि तिथे मी पुन्हा मान डोलावतो. अण्णा, तू गेल्यावरही मी तुझ्याच नावावर चांगला माणूस म्हणून मिरवतो आहे.

उद्या तुझा बारावा, सपिंडीकरण. शास्त्री सकाळी आठला येणार. तुझा पिंड अप्पांच्या, आजोबांच्या पिंडात मिसळायचा, आणि तुला बायको-पोर नाही म्हणून ते मी, धाकट्या भावाने, करायचं. त्याआधी अम्माला खरं सांगायचं की नाही, हे ठरवायला माझ्याकडे आजची एक दुपार आहे. मी ठरवण्याऐवजी तुला लिहीत बसलो आहे. हे बघून तू हसला असतास.

सगळं सुरू झालं ते मी एकटा पडलो म्हणून. माझी बायको सुधा लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेली होती, तीन महिन्यांसाठी. कॉलेज, उत्तरपत्रिका आणि अम्माचं सात वाजता जेवण. मोबाईलवर कुठल्याशा देशातला एक दाढीवाला मधात पाणी घालून त्याची दारू करताना दिसला. मीड म्हणतात तिला. एक भाग मध, तीन भाग पाणी, थोडं यीस्ट, आणि वाट बघायची. चोवीस वर्षं मी मुलांना फळ्यावर साखरेचं अल्कोहोल करून दाखवतो आहे. एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एवढंच कारण. दारू प्यायची म्हणून नव्हे, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो आणि आताही सांगतो, पण आता माझं मलाच फारसं पटत नाही.

आणि मध घरात होताच. तुझा.

पिणं सोडल्यावर तू पापनाशमच्या पुढे त्या नारळाच्या बागेत राखणीला गेलास आणि वर्षभरात सहा मधपेट्या करून बसलास. दर शुक्रवारी बसने यायचास, पिशवीत दोन बाटल्या. आपल्या कुळात इतकी सभ्य नशा कोणी केली नव्हती, असं मीच चेष्टेने म्हणायचो. तू बाटली उजेडात धरायचास आणि हा नारळाच्या फुलांचा, हा चिंचेच्या मोहोराचा, असं सांगायचास. मी हं हं करायचो. तुझ्या सहा वर्षांच्या कोरड्या आयुष्याची कमाई त्या बाटल्यांत होती आणि मी तिची दारू करायला निघालो होतो. त्यात काही खटकावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. रसायनशास्त्राचा प्राध्यापक.

पहिली बरणी गच्चीवरच्या खोलीत ठेवली, कारण अम्माचे गुडघे जिन्याला तयार नसतात. पाणी उकळून गार केलं, मध ढवळला, बेकरीतून मागून आणलेलं यीस्ट चिमूटभर टाकलं. बरणीच्या तोंडावर फुगा चढवून त्याला टाचणीने भोक पाडलं, म्हणजे वायू बाहेर जाईल आणि हवा आत येणार नाही. दुकानात फक्त गुलाबी फुगे होते. दुसऱ्या दिवशी तो गुलाबी फुगा टम्म होऊन उभा राहिला आणि मी पन्नाशीचा माणूस त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसलो. कान लावला तर आत फसफस ऐकू येत होती. त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका प्राध्यापकी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

पण तंजावूरचा एप्रिल, वर तापलेली गच्ची. आठवड्यात कुजक्या अंड्यांचा वास सुटला. तू शुक्रवारी आलास, दारातच थांबलास, मान वर करून हवा हुंगलीस.

"चिन्ना, वर काय करलाइस?"

मी तुला वर नेलं. तू त्या फुग्याकडे बघून जो हसलास, तो हसता हसता खाटेवरच बसलास. "अय्यय्यो! मधाचं साराय! मधाची दारू! आणि तेपण कलेक्टरच्या पोरासारखा फुगा लावून!" मग पुसून पुसून डोळे कोरडे केलेस आणि गंभीरपणे सांगितलंस, "इथं नोको ठेवूं. ऊन लागलं की बिघडतं. थंड जागा पाहूनगे." दारूची इतकी माहिती तुला कुठून, हे आपण दोघंही बोललो नाही.

आणि मग मी काय केलं ते लिहितो. लिहायलाच हवं. मी स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतून तुझ्यापुढे धरले. म्हटलं, "जरा बघ रे, कसं झालंय. तुलाच कळेल." तुलाच कळेल! सहा वर्षं कोरड्या राहिलेल्या माणसाला त्याचा धाकटा भाऊ पेला पुढे करतो आणि वर त्याच्या जुन्या दिवसांचा दाखला देतो. तू पेला हातात घेतलास. नाकाजवळ नेलास. तेवढ्यात तुझा अंगठा पेल्याच्या कडेवर दोनदा फिरला, ते मी पाहिलं. मग तू पेला खिडकीत ठेवलास आणि म्हणालास, "वास पुरे. फेकूनटाक."

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. म्हणजे भांडण कसलं, तू तुझं म्हणणं सोडत नव्हतास आणि मी माझं. तू म्हणायचास, जगात एकच वस्तू कधी खराब होत नाही, ती म्हणजे मध, आणि तू ती घेऊन खराब करायला बसलास. मी म्हणायचो, खराब नाही रे, बदलतो. यीस्ट साखर खातं, मग जे उरतं ते नवीन असतं. तू म्हणायचास, "माश्यांना विचारलास?" ह्यावर मी फॉर्म्युला सांगायचो. तुझ्याशी वाद घालताना फॉर्म्युला सांगणं ही माझी जुनी खोड.

दुसरी बरणी मी तुला न सांगता लावली. आणि थंड जागा शोधली.

आपल्या घरात थंड जागा एकच, मागची कोठीची खोली, आणि तिच्यात भिंतीत बसवलेलं ते श्राद्धाचं कपाट. आत तांब्याची भांडी, पळी, पाट. वर्षातून एक दिवस उघडायचं, बाकी अम्माच्या मडीत, म्हणजे कडक सोवळ्यात. कोणी हात लावायचा नाही. म्हणून तर मी ते निवडलं. घरात ह्याहून सुरक्षित जागा नाही, इथे देवसुद्धा विचारून येत असेल, असा माझा हिशेब. अम्मा दुपारी झोपली असताना मी भांडी एका बाजूला सारली आणि मागे बरणी ठेवली. बाटलीत उरलेला तुझा चिंचेच्या मोहोराचा मध सगळा तिच्यात गेला होता.

श्राद्ध कधी, हेही मी पाहिलं होतं बरं का. अगदीच बेफिकीर नव्हतो. अप्पा गेले त्या वर्षीची वैशाख वद्य पंचमी तमिळ वैकासी महिन्यात आली होती, एवढं डोक्यात पक्कं बसलेलं. स्वयंपाकघरातलं रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर मी उचलून चाळलं, वैकासीतली वद्य पंचमी शोधली आणि निश्चिंत झालो. दीड महिना हातात होता. आपलं घर चांद्रमास धरतं आणि ते कॅलेंडर सूर्याचा महिना धरतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्या लोकांची पोरं हे ऐकतच मोठी होतात. पण तिथी लक्षात ठेवणं हे तुझं काम, थोरल्याचं. मी आयुष्यभर तू सांगितल्यावर आंघोळ करून मागे उभा राहायचो. त्या वर्षी वैशाख लवकर लागला होता आणि आपली पंचमी तमिळ लोकांच्या वैकासीआधीच्या चित्तिरैतच येऊन ठेपली. माझ्या गणितापेक्षा एक महिना आधी. अम्मा आठवडाभर बोलत असणारच. मी पेपर तपासत "हं, हं" करत होतो.

त्या दिवशी कॉलेजातून चार वाजता आलो. तू अंगणात केळीची पानं पुसत बसला होतास.

"एवढी पानं कशाला रे?" मी विचारलं.

"कशाला म्हणजे? उद्या तिथी नं."

माझा एक बूट पायात होता. तो काढायच्या आत कोठीतून अम्माचा आवाज आला. किंचाळली नाही ती. नुसतं "थोरल्या" म्हणाली, पण असं म्हणाली की आपण दोघंही धावलो.

ओल्या मडीच्या साडीत ती कपाटापुढे उभी होती. तांब्याच्या भांड्यांच्या मागे तो गुलाबी फुगा ताठ उभा. दुसऱ्या कुठल्या घरात कोणी हसलं असतं. अम्माला वास ओळखता येत होता. तुझ्या त्या वर्षांत तिने तो तुझे सदरे धुता धुता ओळखला होता. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहायचं तिला सुचलंसुद्धा नाही. ती तुझ्याकडे बघत म्हणाली, "अप्पांच्या तिथीच्या भांड्यांत?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. तू थांबलास. मला बोलायला वेळ दिलास. मी तेव्हा मोजला नाही, पण त्यानंतर तो वेळ मी शेकडो वेळा मोजला आहे. तेवढ्यात "अम्मा, ते माझं" एवढे तीन शब्द सहज मावले असते. माझ्या मनात काय आलं सांगू? घरात दारू गाळणं आपल्या राज्यात गुन्हा आहे आणि मी सरकारी कॉलेजात आहे, हे आलं. सुधा काय म्हणेल, हे आलं. अम्माच्या तोंडून आजपर्यंत माझं नाव कधी अशा आवाजात निघालं नाही, हे आलं. तू कुठेच आला नाहीस. मी खाली बघितलं. माझ्या एका पायात बूट होता, तो मी पाहत राहिलो.

"मीच ठेवलों, अम्मा," तू म्हणालास.

ती कपाटापासून एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "ह्या भांड्यांना तूं शिवूं नोको. उद्या चिन्ना बसूंदे."

तू बरणी उचललीस, मागच्या दाराने नेलीस आणि परसातल्या गटारात ओतलीस. मी दारात उभा होतो. वरचा थर नुकताच निवळायला लागला होता, सोनेरी, आरपार दिसेल असा. आणि अण्णा, त्या क्षणी मला त्या मीडचं वाईट वाटलं. तुझं नाही. मीडचं. निदान महिनाभर तरी थांबायला हवं होतं, असं मनात आलं. हे मी कोणालाही सांगू शकलो नसतो. तुलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तुझ्या पाटावर मी बसलो. दर्भाची पवित्री माझ्या बोटात सैल होत होती. शास्त्रींनी विचारलं, "थोरले कुठे?" अम्मा म्हणाली, "त्याला बरं नाही." तू बाहेर तिण्णैवर बसला होतास, शास्त्रींनी येताना तुला पाहिलंही होतं. त्यांनी नुसता पुढचा मंत्र सुरू केला. मला मंत्र धड येत नव्हते. दोनदा अडखळलो. दुसऱ्यांदा अडखळलो तेव्हा बाहेरून तुझा आवाज आला, अगदी हळू, पुढचा शब्द सांगणारा. अम्माने ऐकला, मीही ऐकला. मी तो शब्द उचलला आणि पुढे गेलो. पिंडावर मध घालायची वेळ आली. घरात दुसरा मध नव्हता. तू आदल्या दिवशी पानांबरोबर आणलेली नवी बाटली अम्माने न बोलता पुढे सरकवली.

पंगत उठेपर्यंत दोन वाजले. तू निघून गेला होतास. मी स्कूटर काढून बसस्टँडवर आलो. तू पापनाशमच्या बसपाशी उभा होतास. मी म्हटलं, "अण्णा, मी सांगतो तिला. आज संध्याकाळीच सांगतो."

"सांगूं नोको."

"पण..."

"माझ्यासाठी रडायची तिला सवय अहे रे. तुझ्यासाठी आतां नवीन कां शिकवायचं म्हातारीला? सरी, जा. पेपर असतील तुझे."

बस निघाली. मला तुझ्याशी भांडायला हवं होतं. बसच्या मागे जायला हवं होतं. मी काय केलं? मला हलकं वाटलं. तू परवानगी दिलीस ना, मग झालं. घरी आल्यावर मला चक्क भूक लागली आणि मी श्राद्धाचे वडे पुन्हा एकदा बसून खाल्ले. तू सकाळपासून उपाशी बसमध्ये बसला होतास, हे मला माहीत होतं.

मग तीन वर्षं. तू शुक्रवारी यायचा बंद झालास. अम्माने तुझं नाव घेणं बंद केलं. मी दर वेळी एक मुहूर्त ठरवायचो. दीपावली होऊ दे. अम्माचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. नातवाचं बारसं होऊ दे. रसायनशास्त्रात प्रत्येक क्रियेला तापमान लागतं, ते येईपर्यंत थांबायचं असतं, असं स्वतःला समजावणारा महामूर्ख दुसरा नसेल. तीन वर्षं तुझ्या पाटावर मी बसलो. तिसऱ्या वर्षी मंत्र न अडखळता म्हटले. शास्त्रींनी शाबासकी दिली. मी ती घेतली.

तुला भेटायला मी दोनदाच आलो. दुसऱ्यांदा, ह्याच पोंगलनंतर, तू मला पेट्या उघडून दाखवल्यास. हातमोजे नाहीत, तोंडावर जाळी नाही, माश्या तुझ्या मनगटावर निवांत फिरत होत्या. मला मात्र गळ्यापर्यंत टॉवेल गुंडाळायला लावलास. तेव्हा तू एकदम विचारलंस, "पुन्हा केलास कां ते?"

"नाही."

"कां? करून पाह्य की. मागचं तर निवळायच्या आधीच गेलं." मग पेटीचं झाकण लावत म्हणालास, "मी म्हणट्लों होतों तें चूक असेल. बदलतही असेल."

मी म्हटलं, "फर्मेंटेशनला बावीस अंश लागतात रे, आपल्याकडे जमणार नाही." बघ. तू वाद सोडायला तयार झालास, हात पुढे केलास, आणि मी तुला तापमान सांगितलं. माफ कर, एवढंच म्हणायचं होतं मला. त्यासाठीच आलो होतो. निघताना तू दोन बाटल्या पिशवीत घातल्यास, एक अम्मासाठी. अम्माची बाटली मी तिला "कॉलेजातल्या एकाने दिली" म्हणून दिली. तिला तो मध आवडला. रोज सकाळी चमचाभर घेते.

तुझं दहन आटोपून मी बागेत गेलो, तुझं सामान आणायला. सामान म्हणजे एक ट्रंक आणि माश्यांना धूर द्यायचा डबा. शेजारच्या शेतावरच्या बाईने, रोज तुझा चहा करायची ती, मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, तुमच्यात असं काय असतं हो, वर्षातून एक दिवस ते सकाळी कालव्यात उभे राहायचे, ओंजळीने पाणी सोडायचे, दुपारपर्यंत काही खायचे नाहीत, मग कावळ्याला भात घालून मगच चहा मागायचे. मी तिला दिवस विचारला. तिने शेतीच्या कामावरून सांगितला. बरोबर तीच पंचमी, अण्णा. पाटावर मी होतो आणि तिथे पाण्यात तू.

इथवर लिहिलं आणि हात थांबला. आपल्या घरात देवनागरी मला एकट्याला येते. अम्माला तमिळ वाचता येतं, सुधाला तमिळ आणि इंग्रजी, तुलाही हे वाचता आलं नसतं. आणि मी कबुलीजबाब कुठल्या लिपीत लिहीत बसलो आहे? मला स्वतःचीच किळस आली. कागद तसाच ठेवून उठलो आणि मागे गेलो.

अम्मा परसदारी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सांगितलं. आधी तू म्हणून सुरुवात करू लागलो, "अण्णाने त्या दिवशी," मग थांबलो आणि मी म्हणून सुरुवात केली. यीस्ट, फुगा, कपाट, कॅलेंडर, बूट. तू माझ्याकडे बघितलंस ते. मी बोललो नाही ते. गटार. बसस्टँडवर तू काय म्हणालास ते शब्दाला शब्द सांगितलं. मध कोणाचा हेही सांगितलं. कालव्याचं सांगितलं. किती वेळ लागला कोण जाणे. 

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला मारेल. लहानपणी मारायची तशी. मला मार हवा होता, खरं सांगतो. ती माझ्याकडे बघत राहिली. असं तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तुझ्याकडे पाहायची.

मग म्हणाली, "दर शुक्रवारीं त्याचा फोन येयाचा."

ते मी वर कुठेच लिहिलं नाही, अण्णा. लिहायला धजलो नाही. तू दर शुक्रवारी, पूर्वी बसने पोचायचास त्या वेळेला, घरच्या फोनवर अम्मासाठी फोन करायचास. ती मान हलवायची आणि मी तुला सांगायचो, झोपली आहे.

"मी घेत नव्हतें," अम्मा म्हणाली. "तूं माझ्या बाजूलाच बसलेला असायचास."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती भिंतीचा आधार घेत उठली. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही. दारापर्यंत गेली, थांबली, आणि माझ्याकडे न वळता म्हणाली, "उद्या त्याच्या पिंडाला तूंच बस. दुसरं कोण नाही म्हणून बस."